आधी हिशेब दाखवा, मग पेन द्या

प्रति,
मोटार अपघाताच्या दाव्यांत विमा कंपन्यांच्या वतीने साताऱ्याच्या लोकअदालतीत बसणारे अधिकारी आणि त्यांचे वकील यांस,

विषय: पायी चालणाऱ्याच्या दाव्यात तडजोडीचा आकडा कसा काढला, ते कागदावर दाखवण्याबाबत.

स. न. वि. वि.

तुम्हाला मी आठवणार नाही. त्या शनिवारी न्यायालयाच्या आवारात मांडव होता, पंखे होते, चहा होता आणि तुमच्यापुढे फायलींची चळत होती. माझी आई वॉकर टेकत आली तेव्हा तुमच्यापैकी एकजण उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. हे मुद्दाम आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, याला माणसंच वाईट भेटली. माणसं वाईट नव्हती. पंधरा मिनिटांत काम उरकलं, एवढंच.

आई हार विणते. मोती चौकाजवळ तिची टोपली असते, सकाळी सातपासून. गणपती, दसरा आणि लग्नसराईत हात थांबत नाही, आषाढात माश्या मारायच्या. वय तेव्हा सत्तावन्न. एका संध्याकाळी टोपली आवरून राजपथ ओलांडत होती आणि एका चारचाकीची धडक बसली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत रॉड घातला, स्क्रू लावले. पाच महिने ती टोपलीपाशी बसू शकली नाही.

गाडी चालवणारा पोरगा शाहूपुरीतला, आमच्या ओळखीतल्यांच्या नात्यातला. त्यानेच रिक्षा थांबवली, तोच दवाखान्यात घेऊन गेला, रात्रभर बाहेर बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील वीस हजार रुपये पाकिटात घालून आले आणि म्हणाले, "ताई, घरातलंच आहे, मिटवून टाकू." जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांनीही विचारलं, "फिर्याद द्यायची का मिटवताय?" आई म्हणाली, पोराचं वाटोळं नको.

आमच्याकडे इथेच पहिला घोळ होतो. दावा केला म्हणजे त्या पोराशी भांडण उकरून काढलं, असंच सगळे समजतात. मीही समजत होतो. पण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. पायी चालणारा माणूस हा त्या कागदावरचा तिसरा पक्ष. नोटीस मालकाच्या आणि चालकाच्या नावाने निघते, कारण त्यांना दाव्यात सामील करावं लागतं. पण विमा चालू असेल, परवाना ठीक असेल, तर पैसे भरायचे ते कंपनीने. त्या वडिलांनी वर्षानुवर्षं जो हप्ता भरला, त्याचा उपयोग व्हायचा दिवस तोच होता आणि ते बिचारे खिशातले वीस हजार देऊन तो वाया घालवायला निघाले होते! हे त्यांना समजावून सांगायला मला दोन तास लागले. शेवटी त्यांनीच पॉलिसीची प्रत आणून दिली. अजून दिवाळीला फराळाचा डबा येतो त्यांच्याकडून.

तर फिर्याद झाली, पंचनामा झाला, दावा दाखल झाला. तुमच्या लेखी उत्तरात वाक्य होतं की पादचारी अचानक रस्त्यात आली. हे वाक्य तुमच्याकडे छापून ठेवलेलं असावं. राजपथावर संध्याकाळी सातला कोण अचानक येतं? दुकानाच्या पायरीपासून लावलेल्या दुचाकींच्या फटीतून बाहेर पडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पायी चालणाऱ्याला मोकळा फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात म्हटलं. राजपथाला अजून त्याची खबर लागलेली नाही.

आता त्या शनिवारकडे येतो. तुमचा आकडा एक लाख पंच्याहत्तर हजार. "सगळं मिळून," तुमचे वकीलसाहेब म्हणाले. "महिनाभरात खात्यात जमा. नाहीतर चालवा केस तीन-चार वर्षं. वर निकाल विरोधात गेला तर कंपनी हायकोर्टात जाणार, मुंबईला खेपा घालणार का या वयात?" आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आईने मान हलवली. पुरशीसवर, म्हणजे कोर्टाला द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सह्या झाल्या. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी विचारलं, "राजीखुशीने का?" आई म्हणाली, "होय."

मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. पंधरा पैशांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत थांबून खतावणी जुळवतो. आणि आईच्या पायाच्या व्यवहारात मी एकदाही विचारलं नाही, की साहेब, हे एक पंच्याहत्तर आले कुठून? याची लाज मला अजून वाटते आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारणही तेच आहे.

पैसे वेळेवर आले, तेही लिहून ठेवतो. पस्तिसाव्या दिवशी जमा. आईने पहिलं काम केलं ते उसनवारी फेडण्याचं. आठ महिन्यांनी घोट्याच्या वरचा स्क्रू टोचायला लागला, सूज उतरेना. डॉक्टर म्हणाले, रॉड काढावा लागेल. त्याचे अठ्ठेचाळीस हजार. मी तुमच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "फाइल क्लोज आहे." आणि ते कायद्याने बरोबरच होतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही. फसवणूक झाली असं दाखवता आलं तर उच्च न्यायालयात रिट, एवढीच फट. आमची फसवणूक झाली नव्हती. आम्ही न विचारता सही केली होती, तुम्ही न सांगता घेतली होती. यासाठी कायद्यात कलम नाही.

त्या रात्री मी जो हिशेब करायला हवा होता तो अखेर केला. दवाखाना, औषधं आणि वॉकर मिळून पावत्यांची बेरीज एक लाख बारा हजार. ती वजा केली तर उरतात त्रेसष्ट हजार. आईची कमाई दिवसाला चारशे, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दहा हजार. पाच महिने बुडाले, म्हणजे पन्नास हजार. उरले तेरा हजार. या तेरा हजारांत तिच्या वेदना आल्या, तिच्याजवळ राहण्यासाठी माझ्या बहिणीने सोडलेलं काम आलं, पुढचं ऑपरेशन आलं आणि उरलेल्या आयुष्याचा लंगडेपणाही आला.

मग मी निकाल वाचायला लागलो. वाचतो म्हणजे ओळखीच्या एका तरुण वकिलाकडून समजून घेतो. सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकांचा, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं त्याचा, तक्ताच दिला आहे. छप्पन्न ते साठ वयाला गुणक नऊ. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये ठरलं, की स्वतःचा धंदा करणाऱ्या पन्नास ते साठ वयाच्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी दहा टक्के मिळवायचे. ते प्रकरण मृत्यूचं होतं, पण कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीलाही ही वाढ धरायची, हे नंतरच्या निकालांनी स्पष्ट केलं. म्हणजे आईचे वर्षाचे एक लाख वीस हजार, दहा टक्के धरून एक लाख बत्तीस हजार, गुणिले नऊ, अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार. पुढे जाऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अपंगत्वाचा दाखला काढला, तो पंधरा टक्क्यांचा. अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचे पंधरा टक्के म्हणजे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे. ही फक्त पुढच्या कमाईची भरपाई झाली. पावत्या वेगळ्या, बुडालेले पाच महिने वेगळे, वेदना वेगळ्या.

आणि तो पंधराचा आकडाही अखेरचा नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. डॉक्टर पायाचा टक्का सांगतात, पोटाचा टक्का, म्हणजे कमाई किती घटली तो, अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने ठरवायचा, असं त्याचं सार. डावा हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकतो, ड्रायव्हर किंवा सुतार नाही, हे उदाहरण त्यात दिलेलं आहे. माझी आई मांडी घालून हार विणते. गुडघा पूर्ण मुडपत नाही. आता ती स्टुलावर बसते, फुलं जमिनीवर आणि ती वर, प्रत्येक फुलाला वाकायचं. दुपारी दोनला पाठ धरते, टोपली उचलून घरी. तिचा टक्का पंधराच का?

तुम्ही म्हणाल, हारवालीच्या चारशे रुपयांना पुरावा काय? बरोबर आहे, पगाराची पावती नाही. पण फुलांच्या आडतीची चिठ्ठी आहे, भिशीची वही आहे, आमच्याच पतसंस्थेत दहा वर्षं रोज भरलेल्या पिग्मीचं खातं आहे. हे त्या मांडवात कोणी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी पळत जाऊन आणलं असतं. सदर बझार ते मोती चौक, स्कूटरवर किती वेळ लागतो?

आता वाटेल, की हा माणूस लोकांना सांगणार, तडजोड करू नका, कोर्टात जा. नाही. माझा मामेभाऊ कराडला कोर्टात गेला. महामार्गाच्या सेवारस्त्याने पायी घरी येताना त्याला मोटारसायकलने उडवलं होतं. पावणेचार वर्षं गेली. डॉक्टरांना साक्षीला आणण्यात आठ महिने गेले, कारण डॉक्टरांना ओपीडी सोडून पिंजऱ्यात उभं राहायला वेळ नसतो, त्यात त्यांचीही फार चूक नाही. उलटतपासात तुमच्या एका वकिलांनी त्याला विचारलं, की तुम्ही दारू पिता का. तो माळकरी आहे. निकाल चांगला लागला, तडजोडीत देऊ केलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त, वर व्याज. पण त्या पावणेचार वर्षांत त्याने एक म्हैस विकली आणि पोरीचं कॉलेज एक वर्ष मागे गेलं. तो म्हणतो, जिंकलो. वहिनी काही बोलत नाही.

तेव्हा तडजोड वाईट नाही. माझ्या आईसारख्या बाईला तर बऱ्याचदा तीच बरी. माझी तक्रार एवढीच, की तडजोड दोन्हीकडच्या माणसांना सारखं माहीत असल्यावर होते. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, त्याला आमच्या मंडईत वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

कायदा तुम्हाला हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं कलम १४९ काढून वाचा. अपघाताची माहिती मिळाली, की कंपनीने दावे मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा. त्याने तीस दिवसांत न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवायचा आणि तोही तपशिलासह. दावेदाराने मान्य केला तर तशी नोंद होऊन पैसे द्यायला जास्तीत जास्त तीस दिवस. अमान्य केला तर केस गुणवत्तेवर चालवायची. 'तपशिलासह' हा शब्द माझा नाही. मग मांडवात एक तोंडी आकडा आणि एक पेन, हे कसं?

त्याच दुरुस्तीने दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण पाय मोडलेल्या माणसाने त्या भरवशावर बसू नये. गोडोलीच्या एका काकूंकडे कंपनीचा म्हणवणारा माणूस तीन वेळा येऊन गेला. दर वेळी, "दावा कशाला, आपण बसून मिटवू, वरून मंजुरी यायची आहे." चार महिने असेच गेले. तो तुमचाच माणूस होता की कोणी मधला, मला ठाऊक नाही. तुम्ही शोधा. काकूंचा दावा पाचव्या महिन्यात घाईघाईने दाखल केला, सहावा लागू दिला नाही.

मुंबईच्या खेपांची भीती तर आता घालूच नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्याच्याच अखत्यारीत येतो. सव्वाशे किलोमीटर, सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत. शिवाय वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर अपीलच करता येत नाही, तुम्हालाही नाही. अपील केलंच, तर पंचवीस हजार किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांत जी कमी असेल ती आधी भरावी लागते. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. खुर्चीत बसलेल्या बाईला माहीत नव्हतं, म्हणून ते वाक्य लागू पडलं.

थोडं आमच्या बाजूच्या वकिलांबद्दलही, कारण एकट्या तुम्हालाच झोडपणं अप्रामाणिकपणाचं होईल. आमच्याशी टक्क्यावर बोलणं झालं होतं. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे मला नंतर कळलं. टक्का ठरलेला वकील आजच्या पावणेदोन लाखांकडे आणि चार वर्षांनंतरच्या साडेतीन लाखांकडे कोणत्या नजरेने बघेल, याचा हिशेब पतसंस्थेतला शिपाईसुद्धा करील. खरं म्हणजे आईला फी द्यायचीच गरज नव्हती. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर फोन लावायचा. हा क्रमांक मी आता आमच्या पतसंस्थेच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे, ठेवींच्या व्याजदराच्या खाली.

मागणी अशी, की पायी चालणाऱ्या जखमीला आकडा सांगण्याआधी त्याच्या हातात एक पान द्या. मराठीत. त्यावर लिहा: उत्पन्न किती धरलं आणि का, वय किती, गुणक किती, अपंगत्व किती टक्के, पावत्या किती मान्य आणि कोणत्या अमान्य, पुढच्या ऑपरेशनचे किती, व्याज किती. ज्या रकान्यात शून्य आहे तिथे शून्य लिहा, रकाना गाळू नका. खाली ठळक अक्षरांत एक ओळ, की यावर सही केल्यावर पुन्हा काही मागता येणार नाही. आणि हे पान लोकअदालतीच्या आठ दिवस आधी पाठवा, मांडवात नको. मांडवात पाय दुखत असतो, मागे रांग असते, समोर साहेब असतात, अशा वेळी माणूस कशालाही होय म्हणतो.

ज्याच्या अंगात अजून रॉड आहे, ज्याचा अपंगत्वाचा दाखला अजून निघालेला नाही, त्याच्याकडे घाई करू नका. करायचीच असेल तर रॉड काढण्याचा खर्च डॉक्टरांच्या अंदाजपत्रकासह आकड्यात धरा. तुमच्या कंपनीला अठ्ठेचाळीस हजार म्हणजे काय हो? आमच्याकडे त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. त्या तिने हार विणूनच केलेल्या होत्या.

तुम्हाला वरून लक्ष्य दिलेलं असेल, इतकी प्रकरणं मिटवा, इतक्यात मिटवा. आम्हालाही मार्चअखेर वसुलीचं लक्ष्य असतं, मला ते कळतं. पण कर्जदाराला मुद्दल किती, व्याज किती, दंड किती ते दाखवल्याशिवाय मी त्याच्याकडून एकरकमी तडजोडीच्या कागदावर सही घेतली, तर लेखापरीक्षक मला उभा जाळतील. तुमच्या टेबलावर तेवढी शिस्त का नसावी?

पुढच्या लोकअदालतीला गोडोलीच्या काकूंचा दावा आहे. वय एकोणपन्नास, चार घरची धुणीभांडी, खुब्याचं हाड मोडलेलं. चारही घरांकडून महिन्याला किती देत होते ते लिहून घेतलं आहे, सह्यांनिशी. अपंगत्वाचा दाखला निघाला आहे. गुणक तेरा, तो तुम्हाला शोधावा लागू नये म्हणून इथेच लिहितो. मी त्यांच्याबरोबर येणार आहे, आमचा हिशेब दोन प्रतींत घेऊन. एक तुमच्यासाठी. तुमचं पान बरोबर असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघू आणि जमलं तर चहाच्या आत मिटवू.

पान नसेल तर काकू पुढची तारीख घेतील. त्यांना तसं सांगून ठेवलं आहे.

आपला,
मोती चौकातल्या हारवालीचा मुलगा
सातारा